म्बुना माशांची गर्दी आणि फिल्टरचे गणित

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा तळ काही ठिकाणी सातशे मीटर खोल आहे, पण तिथले सर्वांत देखणे मासे राहतात ते काठालगतच्या खडकांत. हे म्बुना, सिक्लिड या मोठ्या मत्स्यकुळातले खडकवासी मासे. पिवळाधमक लॅबिडोक्रोमिस, निळ्या-काळ्या पट्ट्यांचा डेमासोनी असे रंग गोड्या पाण्यात क्वचितच दिसतात. स्वभाव मात्र तितकाच तापट. नर खडकातली एक कपार धरतो आणि जवळ येणाऱ्याला हुसकावतो. सरोवरात हरलेला मासा दूर निघून जातो. टाकीत त्याला जायला जागाच नसते, आणि पाच-सहाच मासे असतील तर दांडगा नर एकाच्या मागे लागून त्याला जिवानिशी मारतो.

म्हणून म्बुना मुद्दाम दाटीने पाळतात. मासे जास्त असले की कोणा एकावर राग केंद्रित होत नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण अडीचशे लिटर पाणी मावते. तिच्यात दोन-तीन जातींचे मिळून पंधरा-वीस मासे, दर नरामागे किमान तीन माद्या आणि भरपूर दगड-कपारी, अशी रचना मला योग्य वाटते. एकसारख्या रंगाच्या दोन जाती एकत्र ठेवू नयेत. नर एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात, शिवाय संकरही होतो. दुकानात सिक्लिड म्हणूनच विकले जाणारे ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न हे अमेरिकेतल्या सिक्लिडांच्या वंशातले. त्यांना या टाकीत जागा नाही.

खरी अडचण इथून पुढे आहे. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. पाण्यात त्याची दोन रूपे असतात: अमोनियम आयन, जो फारसा त्रास देत नाही, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. कोणते रूप किती, हे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ठरवतो. 26 अंश सेल्सियसला सामू 7 असेल, तर मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. सामू 8.4 झाला की तो सुमारे 13 टक्क्यांवर जातो. मलावीचे पाणी अल्कधर्मी, सामू साधारण 7.7 ते 8.6, आणि या माशांना तसेच पाणी मानवते. म्हणजे भांडणे टाळायला गर्दी करायची आणि नेमक्या त्याच पाण्यात अमोनिया सर्वाधिक घातक! त्यामुळे मासे किती आणि फिल्टर केवढा, हे दोन्ही एकदमच ठरवावे लागते.

फिल्टरमधला स्पंज कचरा अडवतो. पण जीव वाचवतात ते फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगांवर, म्हणजे सच्छिद्र चिनीमातीच्या कड्यांवर, वाढणारे जिवाणू. ते अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे पुढे नायट्रेट करतात. हे जिवाणू सावकाश वाढतात, नव्या टाकीत त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर सगळे मासे एकदम सोडणे म्हणजे त्यांना विषात सोडणे. पुढे तासाला टाकीच्या सहा ते दहा पट पाणी फिरवणारा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्यासारखा फिल्टर) हवा आणि रिंगा टाकीतल्याच पाण्यात खळबळून घ्याव्यात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणूंना मारते. नायट्रेट मात्र पाण्यात साठतच जाते, त्यासाठी दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे.

या जिवाणूंच्या कामात आम्ल तयार होते आणि पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, खर्ची पडते. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा धरणांतून येणारे पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचे, त्यामुळे तिथे सामू हळूहळू उतरतो. फिल्टरमध्ये प्रवाळाचा किंवा शिंपल्यांचा चुरा ठेवला तर तो सावरतो. मराठवाड्यात बोअरचे पाणी अनेकदा जड असते. तिथे आरओचे पाणी वापरणे म्हणजे माशांना हवे असलेले क्षार पैसे मोजून काढून टाकणे.

खाण्याचा संबंधही इथेच येतो. बहुतेक म्बुना खडकांवरचे शेवाळ खरवडून खातात, त्यांचे आतडे लांब असते. मांसाहारी खाद्याने पोट फुगून ते मरू शकतात, शिवाय जादा प्रथिनांतून जादा अमोनिया निघतो. स्पिरुलिना या शेवाळासारख्या वनस्पतिजन्य घटकाचे खाद्य थोडे थोडे द्यावे.

आणि लोडशेडिंग. प्रवाह थांबला की बंद कॅनिस्टरमधला ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू मरू लागतात. चार-पाच तास वीज गेली असेल, तर पंप सुरू करण्याआधी कॅनिस्टरमधले पाणी बाहेर ओतून द्यावे. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावाच, कारण दाटीच्या टाकीत माशांना ऑक्सिजन फिल्टरइतकाच तातडीने लागतो.