पार्श्वभूमी : कमरेचा वाक, टेपने आणि सेन्सरने

अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये, म्हणजे पाठीचा कणा हळूहळू ताठ करणाऱ्या सांध्यांच्या दाहाच्या आजारात, पाठीचा ताठरपणा मोजायचा तर आजही बहुतेक ठिकाणी टेपच बाहेर निघते. या मोजणीचं मूळ १९३७ सालच्या जर्मनीत आहे. कमरेच्या तळाशी एक खूण, तिच्या वर १० सेंमीवर दुसरी. रुग्णाने गुडघे न वाकवता पुढे वाकायचं आणि खुणांमधलं अंतर किती वाढलं ते पाहायचं. हीच शोबर चाचणी.

पुढचा घोळ समजल्याशिवाय पाठीवर लावून वाक मोजणाऱ्या सेन्सरची गोष्ट कळत नाही. कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकोणी हाड (त्रिकास्थी) यांमधली जागा बोटाने चाचपून नेमकी सापडत नाही. खूण दोन सेंमी चुकली की उत्तरच बदलतं. म्हणून १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये या जागेच्या ५ सेंमी खाली आणखी एक खूण घेऊन एकूण १५ सेंमीवर मोजायला सुरुवात झाली. एक्स-रेवरच्या कोनाशी सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी) त्यामुळे ०.९० वरून ०.९७ वर गेला. या सुधारित पद्धतीचं नाव ‘मॉडिफाइड शोबर’. पण पुढे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात याच नावाने कमरेवरच्या दोन खळ्या जोडणाऱ्या रेषेपासून फक्त वर १० सेंमी मोजायला सांगितलं गेलं. एकच नाव, दोन चाचण्या. १९९४ मध्ये आलेल्या ‘बास्मी’ या पाठीचा ताठरपणा पाच मापांवरून ठरवणाऱ्या निर्देशांकात (गुण जास्त, तितका ताठरपणा जास्त) कमरेच्या वाकाचं नंतरचं सूत्र आहे (७.४ − वाढ) ÷ ०.७. वाढ ४.६ सेंमी भरली तर गुण ४, ३.९ भरली तर ५. म्हणजे अवघ्या ७ मिलिमीटरला एक गुण! फाइलवर ‘मॉडिफाइड शोबर ४.६’ एवढंच लिहिलेलं असेल, तर खुणा कुठे होत्या ते कोणी सांगू शकत नाही. तो आकडा मागच्या भेटीशी ताडून पाहणं धोक्याचं आहे.

मोटारींच्या एअरबॅगमधले आणि नंतर मोबाइलमधले हालचाल आणि कल टिपणारे सूक्ष्म सेन्सर स्वस्त झाल्यावर ते पाठीवर आले. त्याआधी स्पेनमध्ये चकाकणारे गोळे चिकटवून कॅमेऱ्यांनी हालचाल टिपण्याची पद्धत बसवली गेली होती. ती अचूक होती, पण त्यासाठी वेगळी खोली लागायची. सेन्सरला दुहेरी चिकटपट्टी पुरते. एक त्रिकास्थीवर, दुसरा छाती-कमरेच्या सांध्याजवळ लावायचा आणि वरच्याच्या कोनातून खालच्याचा कोन वजा करायचा. ही वजाबाकी फार महत्त्वाची, कारण कंबर ताठ असूनही खुब्यातून वाकून जमिनीला हात लावणारे रुग्ण असतात. एकट्या वरच्या सेन्सरला ते ठणठणीत दिसतील.

पुढे-मागे आणि बाजूला वाकताना गुरुत्वाकर्षण सेन्सरला आधार देतं. बसून मान वळवताना तो आधार सुटतो, मग सेन्सरमधल्या जायरोस्कोपची (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागाची) चूक सेकंदागणिक साचत जाते. ती सुधारायला होकायंत्रासारखा दिशा दाखवणारा चुंबकमापी असतो, पण जवळच लोखंडी खाट असली की तोही भरकटतो. म्हणून खाटेपासून दूर, लाकडी स्टुलावर मोजावं आणि प्रत्येक हालचालीआधी काही सेकंद स्थिर बसवावं.

सेन्सरची अचूकता टेपशी ताडून ठरवण्याचा प्रघात मात्र पटत नाही. टेप त्वचेचा ताण सेंटिमीटरमध्ये सांगते, सेन्सर अंशांत कोन सांगतो. टेपच्याच खुणांवर एकमत नसताना दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर दोष आपोआप सेन्सरच्या माथी मारला जातो.

सेन्सरलाही मर्यादा आहे. सरळ उभं राहिल्यावर तो शून्य धरतो. ज्याला पोक आलेलं आहे, त्याचं ‘सरळ’ मुळातच वाकलेलं असतं. हालचाल किती होते ते सेन्सर सांगेल, पोक सांगणार नाही. त्यासाठी टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून कानापासून भिंतीपर्यंतचं अंतर अजूनही टेपनेच घ्यावं लागतं.