लग्नाची डीव्हीडी पेनड्राइव्हवर भरून आणण्याआधी

जुन्या डीव्हीडीचं एमपी४ करून घ्यायला येणारे बरेच जण डिस्क घरी ठेवून नुसता पेनड्राइव्ह आणतात. ‘डिस्कला चरे पडतील म्हणून कॉपी करूनच आणलं.’ काळजी रास्त आहे, पण आमचं काम तिथेच अडतं. का अडतं, हे काउंटरवर रोज सांगावं लागतं, म्हणून हे पत्रक.

डिस्क कॉम्प्युटरवर उघडली की व्हिडिओ_टीएस आणि बहुतेकदा ऑडिओ_टीएस असे फोल्डर दिसतात. ऑडिओ_टीएस रिकामा असतो. तो रिकामाच असतो. त्यावरून ‘आवाज उडालाय’ असं समजू नका. आवाज चित्राबरोबरच व्हिडिओ_टीएसमधल्या मोठ्या व्हीओबी फाइल्समध्ये असतो. एक व्हीओबी १ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून दोन तासांचं लग्न चार-पाच तुकड्यांत दिसतं. हे तुकडे विधींप्रमाणे पाडलेले नसतात. सप्तपदीचं चौथं पाऊल एका फाइलमध्ये आणि पाचवं पुढच्या, असंही होतं.

कोणतं टायटल, म्हणजे मेन्यूतून सलग चालणारा भाग, कुठे सुरू होतं, कुठे संपतं, हे आयएफओ नावाच्या काही केबींच्या फाइल्समध्ये लिहिलेलं असतं. बीयूपी म्हणजे तिचीच राखीव प्रत. जागा वाचवायला लोक नेमक्या ह्याच उडवतात. मेन्यूत हळद, सीमांतपूजन, लग्न, स्वागत समारंभ आणि ‘सगळं बघा’ अशी पाच बटणं असली, तर टायटलं पाच असू शकतात, पण चित्रीकरण एकदाच साठवलेलं असतं. पाचवं टायटल पहिल्या चारांचेच तुकडे ओळीने दाखवतं. म्हणून आम्ही टायटलं मोजून पैसे लावत नाही, प्रत्यक्ष मिनिटांवर लावतो. टायटलं मोजून बिल करणाऱ्याला ‘एकच चित्रीकरण दोनदा का मोजलं?’ असं जरूर विचारा.

आवाजाचंही तसंच. एका टायटलला आवाजाचे ८ ट्रॅक देता येतात. घरगुती डिस्कवर बहुधा एकच असतो, पण काही व्हिडिओवाले पहिल्या ट्रॅकवर सिनेमाची गाणी आणि दुसऱ्यावर मांडवातला मूळ आवाज ठेवतात. रिमोटवरचं ‘ऑडिओ’ बटण एकदा दाबून बघा, आत्याबाईंची मंगलाष्टकं तिथे सापडायची! मंडळांच्या कार्यक्रमांच्या डिस्कवर कधी मराठी आणि इंग्रजी अशी दोन निवेदनं असतात. कोणता ट्रॅक कोणत्या भाषेचा, हेही आयएफओतच नोंदलेलं असतं. व्हीओबीत ट्रॅकला नुसता क्रमांक. आयएफओ नसली की आम्हाला प्रत्येक ट्रॅक कानाने ऐकून ठरवावा लागतो.

आता ती चूक, जिच्यात आमचा निम्मा दिवस जातो. जगातल्या जवळपास प्रत्येक डीव्हीडीवर फाइल्सची नावं तीच असतात. लग्नाच्या दोन डिस्क एकाच फोल्डरमध्ये कॉपी केल्या की विंडोज विचारतं, ‘रिप्लेस करू?’ आणि आपण ‘हो’ म्हणतो. समजा पहिल्या डिस्कवर चार व्हीओबी होत्या आणि दुसरीवर तीन. दुसरीच्या तीन पहिलीच्या तिन्हींवर बसतात, पहिलीची चौथी तेवढी मागे उरते. आयएफओ आता दुसऱ्या डिस्कची, तिला ह्या चौथीचा पत्ताच नसतो. सगळ्या ओळीने जोडून चालवलं, तर सत्यनारायणाची आरती संपते आणि पुढच्याच क्षणी नवरदेवाची कानपिळी सुरू! पेनड्राइव्हवरून गेलेलं लग्न आम्ही परत आणू शकत नाही. मूळ डिस्क मागतो ती ह्यासाठी.

दुसरं कारण चऱ्यांचं. खराब जागा आली की साधी कॉपी तिथेच एरर देऊन थांबते. आमचं सॉफ्टवेअर ती जागा सोडून आधी उरलेली डिस्क वाचतं, मग मागे येऊन अडलेल्या जागी पुन्हापुन्हा प्रयत्न करतं. संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घेतली की मूळ डिस्क तुमची तुम्हाला परत. ‘आम्हीच कॉपी केली, आता पैसे कमी करा’ हे म्हणूनच जमत नाही. विस्कटलेला पेनड्राइव्ह लावायला उलट जास्त वेळ लागतो.

विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्क आम्ही कॉपी करत नाही. त्यासाठी आग्रह करू नये.

दोन ट्रॅक असतील तर आम्ही दोन वेगळ्या एमपी४ देतो, गाण्यांची एक आणि मूळ आवाजाची एक, कारण बऱ्याच टीव्हींवर पेनड्राइव्हवरच्या फाइलचा ट्रॅक बदलायची सोय सापडत नाही. दुसऱ्या फाइलचे वेगळे पैसे नाहीत, मात्र डिस्क देतानाच सांगा.

डिस्क लेकीकडे अमेरिकेत असेल आणि आणणं शक्यच नसेल, तर प्रत्येक डिस्कसाठी वेगळा फोल्डर करायला सांगा. त्यात व्हिडिओ_टीएस अख्खा, एकही फाइल न गाळता, नाव न बदलता. आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, करून पाठवली तर उत्तम, पण पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेत नाही. आधी एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा.