सीमाभागातील आदरार्थी संबोधने आणि ‘श्रीमती’चा वाद : पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यात अनोळखी प्रौढाला एकेरीत बोलणे हा उद्धटपणा मानला जातो, आणि याबाबत मराठी व कन्नड घरांत दुमत नाही. मराठीतील ‘बसा’ आणि इकडच्या कन्नडातील ‘कूड्री’ यांतला आदर सारखाच आहे. नवऱ्याला मारलेली ‘अहो’ ही हाक शेजारच्या कन्नड घरात ‘री’ होते, आणि ‘अण्णा’, ‘अक्का’ तर दोन्हीकडे आपलेच वाटतात. बाराव्या शतकातील एका कन्नड वचनात आदराच्या हाकेला स्वर्ग आणि तुच्छतेच्या हाकेला नरक म्हटले आहे. तरीही पुढची कित्येक शतके गड्याला आणि बलुतेदाराला, त्याचे वय काहीही असो, ‘अरे-तुरे’च ऐकावे लागले. पेशवाईतील पत्रांचे मायने हुद्दा, जात आणि नाते पाहून ठरत, आणि त्यांपैकी ‘रा. रा.’ (राजमान्य राजेश्री) हे इंग्रजी अंमलातही बराच काळ टिकले.

सरकारी कागदावरच्या ‘श्रीमती’बद्दलच्या आजच्या नाराजीला मात्र इतके मागे जावे लागत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे सरकारी कागद प्रामुख्याने कन्नडात येऊ लागला. त्या कागदावर विवाहित स्त्रीच्या नावाआधी ‘श्रीमती’ लागते, कारण कन्नडात तो सरळ मानाचा शब्द आहे. मराठी वहिवाटीत नवरा हयात असेल तर ‘सौ.’ आणि नसेल तर ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी) अशी विभागणी होती, ‘गं. भा.’ बोचू लागल्यावर त्याच जागी ‘श्रीमती’ हा सौम्य पर्याय रूढ झाला. त्यामुळे घरपट्टीच्या पावतीवर किंवा शिधापत्रिकेवर सवाष्ण बाईच्या नावाआधी ‘श्रीमती’ दिसली की घरातील ज्येष्ठांना तो अपशकुन वाटे, आणि काही घरांत अजूनही वाटतो. लिहिणाऱ्या कारकुनाच्या लेखी त्यात अनादराचा मागमूसही नसतो.

ही तक्रार पुढे सीमाप्रश्नाच्या खात्यात जमा झाली, हे समजण्यासारखे असले तरी पूर्णपणे न्याय्य नव्हते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी 1956 मध्येच ठरलेल्या संरक्षणांनुसार, जिथे त्यांचे प्रमाण 15 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, अशी अपेक्षा होती. मराठीत कागद मिळावेत ही मागणी याच आधारावर उभी आहे आणि ती रास्त आहे; पण मराठी कागद हाती आला म्हणून हा पेच सुटत नाही. ‘सौ.’ लिहायचे की ‘श्रीमती’ हे ठरवण्यासाठी खिडकीपलीकडच्या माणसाला समोरच्या बाईचा नवरा जिवंत आहे का, हे विचारावेच लागेल, आणि पुरुषाच्या बाबतीत ‘श्री.’ लिहिताना असा प्रश्न कधीच पडत नाही. कन्नड ‘श्रीमती’ ही चौकशी निदान अर्धी तरी टाळते, ही बाब मराठी बाजूने फारशी कोणी मांडलेली नाही.

अलीकडे या विषयाला सीमेपलीकडून नवी धार आली. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील एका गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सीमेला लागूनच असलेल्या या तालुक्यातील बातमी इकडच्या गावांत पोचायला वेळ लागला नाही. एप्रिल 2023 मध्ये महाराष्ट्राच्या एका मंत्र्याने ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याबाबत विचार व्हावा असे सुचवले, तेव्हा त्यावर टीकेची झोड उठली. जुने संबोधन कितीही पवित्र असले तरी ते स्त्रीची ओळख नवऱ्याच्या मृत्यूवरूनच ठरवते, हा टीकेचा मुख्य सूर होता.

बोलण्यातल्या हाकांना मात्र असा कोणताही ठराव लागू होत नाही. भाजी विकणारी ‘मावशी’, शेजारीण ‘काकू’ आणि अधिकारी बाई ‘मॅडम’ ही वाटणी, तिघी एकाच वयाच्या असल्या तरी, अजून कायम आहे. लग्नपत्रिकेतही विधवा सासूच्या नावाआधी ‘श्रीमती’ आणि सुनेच्या नावाआधी ‘सौ.’ छापण्याची रीत बहुतेक मराठी घरे पाळतात, मग त्याच घरातील कन्नड सरकारी कागदावर दोघींच्याही नावाआधी ‘श्रीमती’ का असेना.