पोपटपंचीच्या पलीकडचा आफ्रिकन ग्रे

जून १९७७ मध्ये अमेरिकी संशोधक आयरीन पेपरबर्ग प्रयोगासाठी शिकागोजवळच्या दुकानात आफ्रिकन ग्रे पोपट घ्यायला गेल्या, पण पक्षी त्यांनी स्वतः निवडला नाही. हाती येईल तो काढा, असं दुकानातल्या माणसालाच सांगितलं. हुशार पोपट हेरून आणला, असं उद्या कुणी म्हणायला नको.

या सावधगिरीमागे एक घोडा होता. बर्लिनचा 'हुशार हान्स' टाप आपटून बेरजा करायचा. ऑस्कर फुंगस्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिलं, की तो विचारणाऱ्याच्या मानेची बारीक हालचाल पाहून थांबतो. तेव्हापासून मोजणाऱ्या-बोलणाऱ्या प्राण्यांवर कुणाचा चटकन विश्वास बसेना. पोपटाचं तर बोलायलाच नको. 'पोपटपंची' हा आपला शब्दच आधी निकाल देऊन मोकळा.

शिकवण्याची रीत पेपरबर्ग यांनी जर्मन संशोधक डिटमार टोड्ट यांच्या प्रयोगांवरून घेतली. पोपटादेखत एक माणूस दुसऱ्याला किल्ली दाखवून विचारतो, "हे काय?" बरोबर सांगितलं तर किल्ली त्याला मिळते, चुकलं तर दृष्टीआड. मग दोघं जागा बदलतात. पोपट बघता बघता मध्ये तोंड घालतो. बक्षीस म्हणून दाणा नाही, जिचं नाव घेतलं तीच वस्तू. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

दुकानातून आणलेला तो पोपट, अॅलेक्स, पन्नासएक वस्तू, सात रंग आणि पाच आकार सांगू लागला. दोन वस्तूंत फरक नसेल तर 'नन' (none), म्हणजे 'काहीच नाही', म्हणायचा. एकदा ताटलीत दोन, तीन आणि सहा ठोकळ्यांचे गट होते. हा आपला 'पाच'च म्हणत राहिला. "बरं, पाच कुठल्या रंगाचे?" उत्तर आलं, 'नन'! सप्टेंबर २००७ मध्ये, ३१ वर्षांचा असताना तो गेला.

रानातला ग्रे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. झाडाच्या ढोलीत घरटं, तेलताडाची फळं आवडीची. तेव्हाच्या झाईरमधल्या (आताचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) रानटी ग्रेंच्या आवाजात नऊ जातींच्या पक्ष्यांची आणि एका वटवाघळाची नक्कल सापडल्याचं १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे नकलेला माणूस लागतोच असं नाही.

माणसाला मात्र ती नक्कल घरात हवी होती. पकडापकडी आणि जंगलतोडीने घानातले ग्रे १९९० च्या दशकापासून ९० ते ९९ टक्क्यांनी घटले. २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत 'साइट्स'ने, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने, त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या परिशिष्ट १ मध्ये टाकलं. रानातून धरलेल्या पक्ष्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार त्यामुळे बंद झाला. आपल्याकडे देशी राघू पाळणं गुन्हा, पण परदेशी ग्रे उघड विकला जायचा. २०२४ च्या नियमांनी त्याच्या मालकालाही केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करायला लावली.