पावसाळ्यात सीपॅपची नळी वाळत का नाही

मृग बरसला की जांबोटी, कणकुंबीकडं कपाटातल्या चामडी चपलांवर पांढरट बुरा चढायला लागतो. बेळगाव शहरात तो थोडा उशिरा दिसतो, अथणी-कागवाडच्या कोरड्या पट्ट्यात फारसा दिसत नाही. चप्पल पुसून टाकता येते, फार तर फेकता येते. पण झोपेत श्वास अडकण्याच्या विकारासाठी, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियासाठी, जे रात्रभर सीपॅप हे दाबानं हवा देणारं यंत्र लावतात त्यांच्या नळीत हाच बुरा धरला तर तिच्यातली हवा सहा-सात तास सरळ नाकातोंडात जाते.

यंत्र तसं साधं आहे. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार जगापुढं मांडला, तेव्हापासून कल्पना तीच: खोलीतली हवा पंख्यानं ओढायची, थोडा दाब देऊन मास्कमधून सोडायची, म्हणजे झोपेत सैल पडणारा घसा मिटत नाही. दाब किती, तर ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. हवा फिल्टरमधून आत येते, ह्युमिडिफायरच्या, म्हणजे हवा दमट करणाऱ्या भागाच्या, टाकीतल्या कोमट पाण्यावरून जाते आणि सुमारे १.८ मीटर लांबीच्या नळीतून मास्कपर्यंत पोचते. टाकीपासून पुढं सगळी वाट ओलसर आणि उबदार.

बुरशीला हेच हवं असतं. तिचे बीजाणू हवेत बारा महिने असतात, बहुतेक २ ते १० मायक्रॉनचे. यंत्राचा स्पंजी फिल्टर धूळ आणि केस अडवतो, पांढरा बारीक फिल्टर बीजाणूही बऱ्यापैकी अडवतो. पण दिवसभर मास्क उघडा पडलेला असतो, तिथून ते शिरतात. खायला चेहऱ्याचं तेल, त्वचेचा कोंडा आणि लाळेचे बारीक थेंब मिळतात. २० ते ३० अंश तापमान त्यांना मानवतं आणि आपल्याकडचा पावसाळा साधारण त्यातच बसतो. या गोष्टींवर आपला फार इलाज नाही. इलाज चालतो तो पाण्यावर. ओला झालेला पृष्ठभाग २४ ते ४८ तासांच्या आत वाळला तर बुरशीला मूळ धरायला सहसा वेळ मिळत नाही. नळी मात्र रोज रात्री नव्यानं ओली होते. दिवसा ती पुरती वाळली नाही, तर ओल जूनपासून सप्टेंबरपर्यंत अखंड राहते.

म्हणूनच धुण्याबद्दल जेवढं सांगितलं जातं, तेवढं वाळवण्याबद्दल सांगायला हवं. बुरशीपुरतं बोलायचं तर आठवडाभर न धुतलेली कोरडी नळी ही रोज धुऊन ओलीच वापरलेल्या नळीपेक्षा बरी. धुवायची नाही असा याचा अर्थ नव्हे. वाळवायची सोय नसेल त्या दिवशी धुवू नये, एवढाच आहे.

आता ती वाळत का नाही ते बघू. नळीची आतली रुंदी सुमारे १९ मिलिमीटर असते, म्हणजे तिच्यात जेमतेम अर्धा लिटर हवा मावते. २४ अंशांना अर्धा लिटर हवा फार तर ११ मिलिग्रॅम वाफ धरू शकते. धुतल्यावर नळीच्या वळ्यांमध्ये १ मिलिलिटर पाणी राहिलं, म्हणजे वीसेक थेंब, तर ते १,००० मिलिग्रॅम झालं. आत येणारी हवा हाडासारखी कोरडी असती, तरी हे पाणी न्यायला नळीतली हवा नव्वद वेळा बदलावी लागली असती. तरण्या-म्हाताऱ्या पावसात हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते; तिच्यात आणखी वाफ घ्यायला दहावा हिस्साच जागा उरलेली असते. मग हिशोब नऊशे वेळांवर जातो. खुंटीला लटकवलेल्या नळीतली हवा जवळपास हलतच नाही. छताचा पंखा बाहेरून वारा घालतो, आत काही नाही. बाहेरून हात लावला की नळी कोरडी लागते आणि आतल्या वळ्या ओल्याच राहतात.

उपाय यंत्रातच आहे, कारण हवा ढकलणं हेच त्याचं काम. दाब १० च्या आसपास असताना मास्कच्या छिद्रांतून मिनिटाला ३० ते ४० लिटर हवा बाहेर पडते. त्या हिशोबानं नळीतली हवा मिनिटाला साठ ते ऐंशी वेळा बदलते. कागदावर नऊशे वेळा बदलायला बारा-पंधरा मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात आतली हवा प्रत्येक वेळी पूर्ण भरून निघत नाही, म्हणून अर्धा तास धरावा. पद्धत अशी: टाकी काढून पाणी ओतून द्या, ती पुसून कोरडी करा आणि रिकामीच परत बसवा, कारण बरीच यंत्रं टाकीशिवाय चालत नाहीत. ह्युमिडिफायर बंद करा. नळी लावा, मास्क काढून ठेवा, यंत्र सुरू करा. दोन-तीन सेकंदांत ते आपोआप थांबलं तर ‘स्मार्टस्टॉप’ किंवा तशा नावाची सोय चालू असते. मास्क निघाला असं समजून यंत्र हवा बंद करतं. तेवढ्यापुरती ती सोय बंद ठेवा. काही यंत्रांत नळी वाळवण्याचा वेगळा पर्याय असतो, पुस्तिकेत एकदा बघून घ्यावं.

हे करण्याआधी नळीतलं मोकळं पाणी काढलं तर वेळ निम्म्यावर येतो. अंगणात जाऊन नळीचा मध्य धरून दोन्ही टोकं जोरात झटकायची किंवा एक टोक घट्ट धरून गरगर फिरवायची. वळ्यांतलं पाणी बाहेर फेकलं जातं. आतून तापणारी नळी असेल तर फिरवू नका, तिच्या टोकाशी विजेचे जोड असतात. तिची टोकं पंचानं टिपा आणि जोड पुरता कोरडा झाल्याशिवाय यंत्राला लावू नका. लटकवताना खिळ्यावर नको, तिथं ती मुडपते आणि वळणात पाणी साचतं. जाड काठीवर किंवा पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर मधोमध टाका, दोन्ही टोकं खाली.

जागा कुठली? घरातल्या हवेपेक्षा चार-पाच अंश गरम असेल ती. २२ अंशांची, ९५ टक्के आर्द्रतेची हवा ५ अंशांनी तापली की आर्द्रता ७० टक्क्यांवर येते. वाफ तेवढीच असते, पण हवेची धारणशक्ती वाढते. फ्रीजची उबदार बाजू चालते. स्वयंपाकघर चालत नाही, फोडणीचा तेलकट धूर प्लॅस्टिकवर बसतो आणि बुरशीला खाऊ होतो. शेगडीवर टोपली पालथी घालून बाळाचे कपडे वाळवायची जुनी रीत इथं वापरू नये. धूर नळीत शिरतो, सिलिकॉन आकार सोडतं. पावसानं उघडीप दिली म्हणून कडक उन्हातही टाकू नका, ऊन प्लॅस्टिक ठिसूळ करतं. सावलीतला वारा पुरे. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र ऑनलाइन मिळतं. खोली ६० टक्क्यांच्या खाली असेल तर नुसतं लटकवूनही काम होतं, ८५ च्या वर असेल तर होत नाही.

धुण्याचं वेळापत्रक सोपं आहे. मास्कचं सिलिकॉन कुशन रोज सकाळी, टाकी रोज रिकामी, नळी आणि डोक्याचे पट्टे आठवड्याला. पाणी कोमट, हाताला सुखाचं, उकळतं नाही. १ लिटर पाण्यात भांड्याच्या बिनवासाच्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब, नाहीतर लहान बाळाचा शाम्पू. साबण पूर्ण निघेपर्यंत विसळा, कारण राहिलेल्या साबणाचा थर तेल धरून ठेवतो. सकाळीच धुवा, म्हणजे वाळायला अख्खा दिवस मिळतो. सगळ्यात हट्टी असतात ते पट्टे: आत स्पंज, वर कापड. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका. जमत असेल तर पावसाळ्यासाठी पट्ट्यांचा आणि नळीचा दुसरा संच ठेवा. आलटून पालटून वापरलं की प्रत्येकाला वाळायला पूर्ण दिवस-रात्र मिळते. स्वच्छतेच्या बाकी कुठल्याही वस्तूपेक्षा या पैशाचा उपयोग जास्त.

टाकी वाळवताना सपाट ओट्यावर पालथी घालू नये. आत वाफ कोंडते. भांड्यांच्या जाळीवर तिरकी ठेवा. रबरी कडेची खाच कापडाच्या टोकानं पुसा, काळे ठिपके पहिल्यांदा तिथंच दिसतात.

टाकीत कोणतं पाणी घालायचं हा वेगळा प्रश्न आहे. यंत्रांचे उत्पादक बहुधा डिस्टिल्ड वॉटर सांगतात, ते क्षार साचू नयेत म्हणून. पाणी वाफ होऊन जातं, त्यातलं कॅल्शियम टाकीतच राहतं. बोअरच्या जड पाण्यानं तळाच्या धातूच्या पत्र्यावर पांढरी खरखरीत पुटं चढतात आणि खरखरीत जागी जंतूंना आधार मिळतो. उकळून गार केलेल्या पाण्यातले जंतू मरतात, क्षार सगळे जात नाहीत. घरी आरओ असेल तर अडचणीला ते पाणी उकळून वापरता येतं. बॅटरीच्या दुकानातलं पाणी मात्र टाळा: ते श्वासाच्या उपकरणासाठी भरलेलं नसतं आणि त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये अ‍ॅसिडही विकायला असतं. डिस्टिल्ड पाणीही निर्जंतुक नसतं, म्हणून उरलेल्या पाण्यात रात्री भर घालू नका. ओतून टाका, नवं घाला. चढलेली पुटं काढायला ५० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर ५०० मिलिलिटर पाण्यात मिसळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. आम्लानं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं. एवढं पातळ व्हिनेगर बुरशी मारत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर वाळवणं सोडू नये.

पावसाळ्यात ह्युमिडिफायर उन्हाळ्याइतकाच चढवून ठेवणं ही नेहमी आढळणारी चूक. बाहेरची हवा आधीच वाफेनं भरलेली असते. तिच्यात आणखी वाफ घातली की ती थंड नळीत पाणी होऊन पडते, गुळगुळ आवाज येतो, कधी नाकावर थेंब. आकडा ५ वर असेल तर रोज एकेक खाली आणून बघा, नाक कोरडं पडत नाही तिथं थांबा. अनेकांना १ किंवा २ पुरतो. दाबाला मात्र हात लावायचा नाही, तो डॉक्टरांचा विषय. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंड रात्री हेच नळीतलं पाणी दुसऱ्या कारणानं दिसतं: हवा कोरडी, पण खोली गार. तेव्हा आकडा कमी करण्याऐवजी नळीला फ्लॅनेलचं आवरण शिवा किंवा ती पांघरुणाखालून घ्या. यंत्र गादीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी मास्ककडं न येता टाकीकडं उतरतं. पण जमिनीवर नको, आणि ओल मारलेल्या भिंतीला टेकवून तर नकोच. रात्री लाईट गेली तर मास्क लगेच काढा. नळीतली कोमट वाफ तिथंच गार होते, म्हणून अशा रात्रीनंतर सकाळी वाळवणं टाळू नये.

टाकीत निलगिरीचं तेल, कापूर, कडुलिंबाचा पाला, गुलाबपाणी यांतलं काही घालू नका. तेल प्लॅस्टिकला चिरा पाडतं, आणि दाबानं फुफ्फुसात जाणारा तेलाचा अंश नाक मोकळं करण्यापेक्षा त्रासच देतो. डेटॉल, फिनेल, ब्लीचिंग पावडर हेही नको. ओझोन आणि अतिनील किरणांच्या सफाई यंत्रांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२० मध्ये सावध केलं होतं. पुढं जून २०२१ मध्ये फिलिप्सनं आवाज कमी करणारा फोम झिजत असल्यानं लाखो यंत्रं परत मागवली, तेव्हा ओझोननं ती झीज वाढू शकते हेही सांगितलं गेलं.

आता प्रत्यक्ष डाग दिसला तर. टाकीत गुलाबी, बुळबुळीत थर असेल तर तो बहुतेक वेळा बुरशीचा नसतो, जिवाणूंचा असतो. साबणानं घासून निघतो, पण पाणी रोज बदललं जात नाही हे तो सांगतो. काळे किंवा हिरवट ठिपके नळीत असतील तर नळी टाकून द्यावी. तिच्या वळ्यांत ब्रश नीट पोचत नाही आणि मेलेले बीजाणूही अ‍ॅलर्जी उठवतात. पट्ट्यांचंही तसंच. सिलिकॉनमध्ये डाग मुरला असेल तर कुशन बदला. नळी काढून नुसतं यंत्र चालवल्यावरही कुबट वास आला तर ओल आत गेली आहे. घरी उघडू नका, दुरुस्ती केंद्रात द्या. टाकीत पाणी ठेवून यंत्र प्रवासाला नेलं की हेच होतं. एसटीच्या दोन धक्क्यांत पाणी पंख्यात उतरतं.

२०२१ मधल्या ‘काळ्या बुरशी’ची आठवण अजून ताजी असल्यानं काळा ठिपका पाहून घाबरणारे बरेच असतात. म्युकरमायकोसिसमध्ये काळा रंग मेलेल्या ऊतींचा असतो, बुरशीचा नव्हे. नळीतला काळा ठिपका बहुधा भिंतीवरच्या बुरशीच्या जातीचा असतो. धडधाकट माणसाला त्यानं शिंका, नाक चोंदणं, कोरडा खोकला होतो. नाक चोंदलं की तोंडानं श्वास सुरू होतो, हवा गळते आणि सीपॅपचा उपयोगच कमी होतो. दमा, आटोक्यात नसलेला मधुमेह, किमोथेरपी किंवा स्टेरॉइडची औषधं चालू असतील तर मात्र डाग दिसलेला भाग त्या रात्रीही वापरू नये, आणि ताप किंवा दम वाढला तर डॉक्टरांना गाठावं.

फिल्टरचं थोडक्यात. स्पंजी फिल्टर दोन आठवड्यांतून एकदा धुवा, पुरता वाळल्यावरच बसवा. ओला बसवला तर यंत्र ओलच ओढतं. पांढरा फिल्टर धुवायचा नसतो. काही कंपन्या तो महिन्यानं, काही सहा महिन्यांच्या आत बदलायला सांगतात. खानापूरच्या पावसात दर महिन्याला काढून बघा, करडा किंवा ठिपकेदार झाला असेल तर लगेच बदला. शिल्लक फिल्टर आणि जादा मास्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास पाणी शोषतं, म्हणून ५० ग्रॅमची पुडी पावसाळाभर पुरेल असं धरू नये. डबा वारंवार उघडत असाल तर पंधरवड्यानं बदला. पुडी मास्कच्या किंवा नळीच्या आत कोंबू नका, तिची भुकटी श्वासात जाते.