काझिम्येश म्हणजे ‘शांतिदूत’ नव्हे

बाळांच्या नावांच्या याद्यांत काझिम्येश या पोलिश नावाचा अर्थ ‘शांतीची घोषणा करणारा’ असा हटकून दिलेला असतो. तो चुकीचा आहे. नावाचा उत्तरार्ध ‘मिर’, म्हणजे शांतता, हे खरं. गफलत होते ती पूर्वार्धात.

तो ‘काझाच’ (सांगणं, आज्ञा देणं) या क्रियापदातून आला असं मानतात. पण त्याचं आज्ञार्थी रूप ‘काश’, लिहिताना त्यात कठोर झ. नावात मात्र मृदू झ आणि ‘इ’ आहे. हे रूप जुळतं ते ‘काझिच’शी: बिघडवणं, नासवणं. याच धातूतले ‘स्काझा’ (डाग, वैगुण्य) आणि ‘स्काझोनी’ (दूषित) हे शब्द आजही पोलिशमध्ये रोजचे आहेत. म्हणजे नावाचा अर्थ ‘शांतता मोडणारा’. योद्ध्यांच्या काळात हे भूषणच होतं. शत्रूची झोप उडवणारा, असंच ते वाचावं.

अर्थ सौम्य करावासा वाटला याचं एक कारण उघड आहे: संत काझिम्येश (१४५८–१४८४), पोलंड-लिथुआनियाचा राजपुत्र. त्याचा सण ४ मार्चला असतो. त्याआधीच काझिम्येश तिसरा (राज्यकाळ १३३३–१३७०) याने नाव घरोघरी नेलं होतं. क्राकूवजवळ १३३५ मध्ये वसवलेलं काझिम्येश नगर आज त्या शहराचाच भाग आहे.

उच्चारात शेवटी ‘श’ येतो, पण विभक्ती लागली की ‘काझिम्येझा’. घरात हाक मारतात ‘काझिक’ किंवा ‘काझ्यो’. आज हे नाव आजोबांच्या पिढीत जास्त भेटतं.