एका झाडावर चार मिरच्या, तिखटपणा ज्याचा त्याचा

मिरचीच्या एकाच झाडावर एका फांदीला लवंगी, दुसरीला ब्याडगी आणि तिसरीला ढोबळी लावता येते. कलम करायचं. हे सांगितलं की पहिला प्रश्न हमखास येतो: मग ढोबळी तिखट होणार का? नाही होत.

मिरचीला तिखट करतं ते कॅप्सायसिन. ते मुळांत तयार होऊन वर चढत नाही. फळाच्या आत बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यातच ते बनतं. ढोबळीत त्यासाठी लागणारं पन-१ हे जनुकच निकामी असतं, त्यामुळे खालचा खुंट कितीही जहाल जातीचा असला तरी ती गोडच राहते. पाण्याचा ताण बसला तर तिखट जातीचा तिखटपणा थोडा कमी-जास्त होईल, इतकंच.

तंबाखूचं नेमकं उलट आहे. निकोटिन मुळांत तयार होतं. १९४० च्या दशकात तंबाखूच्या खुंटावर टोमॅटोचं कलम बांधलं, तेव्हा टोमॅटोच्या पानांत निकोटिन आलं. टोमॅटोच्या खुंटावरच्या तंबाखूत ते जवळपास नव्हतंच. तंबाखू, टोमॅटो, मिरची सगळी एकाच कुळातली, आणि तरी इतका फरक! कुठला पदार्थ झाडाच्या कुठल्या भागात बनतो हे कलमाइतकं स्वच्छ दुसरं काही दाखवत नाही.

शेजारच्या फांदीवरचे परागकण ढोबळीच्या फुलावर पडतीलच. पण फळाचा गर आणि गाभा आईचा असतो. सरमिसळ होते ती बियांत. म्हणून अशा झाडाचं बी पुढच्या लागवडीला धरू नये.

मिरचीचं झाड कलमाला सोयीचं आहे. पहिलं फूल येतं तिथे खोड आपोआप दुभंगतं, पुढे प्रत्येक फांदी पुन्हा दुभंगते. अशा प्रत्येक फांदीवर पाचर कलम करता येतं. हव्या त्या जातीची, फांदीच्याच जाडीची काडी दोन्ही बाजूंनी तासायची, फांदीच्या चिरेत बसवायची, क्लिप लावायची आणि वर प्लॅस्टिकची पिशवी घालून झाड आठवडाभर सावलीत ठेवायचं. काडीला अजून पाणी मिळत नसतं, म्हणून पानांतून ते उडू द्यायचं नाही. तेवढ्यात जखमेवर नव्या पेशी वाढतात आणि दोन्हीकडच्या जलवाहिन्या, रसवाहिन्या जुळतात. ईशान्येकडची भूत जोलोकिया वेगळ्या प्रजातीची, तरी आपल्या नेहमीच्या मिरचीवर धरते. टोमॅटोच्या खुंटावर मात्र मिरची नीट जुळत नाही. वरवर चिकटते, पण जलवाहिन्या एकमेकींना मिळत नाहीत.

जोमदार जात बाकीच्यांना दाबून टाकते, तिची छाटणी करत राहावं लागतं. खरी भीती रोगाची. रसवाहिन्या एक झाल्या की विषाणूलाही वाट मोकळी होते. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा बोकड्या हा पानं आक्रसवणारा विषाणूजन्य रोग एका काडीतून आला तर सगळ्या फांद्यांत शिरतो. ब्लेड प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावं, आणि ज्या झाडाचे शेंडे आक्रसलेले, पानं वाटीसारखी वळलेली दिसतात, त्याची काडी घेऊच नये.